500 वॉटचा स्विच: भोसरीतल्या एका ट्रान्समीटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीतली ही कंपनी छोटी. मूळ धंदा औद्योगिक पॉवर सप्लायचा, रेडिओच्या कामात उतरून फार वर्षं झालेली नव्हती. एका इंटिग्रेटरकडून त्यांना 2 ते 30 मेगाहर्ट्झचा, 500 वॉट पीक पॉवरचा एचएफ ट्रान्समीटर करून द्यायचं काम मिळालं. जिथे मोबाइलची रेंज पोचत नाही अशा आडबाजूच्या ठाण्यांवर तो बसणार होता. आवाज आणि डेटा दोन्ही त्यावरूनच जाणार. प्रत्येक ठाण्यावर अँटेना एकच, म्हणजे तीच अँटेना कधी ट्रान्समीटरला तर कधी रिसीव्हरला जोडून द्यायची. हे प्रकरण त्या जोडून देणाऱ्या स्विचचं. कंपनी आणि ग्राहक ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत, गणितं मात्र तशीच ठेवली आहेत.

पहिला प्रोटोटाइप उभा राहून अडखळल्यावर मला सल्लागार म्हणून बोलावलं. तोपर्यंत अँप्लिफायर तयार होता आणि तो खरोखर चांगला होता. शेवटच्या स्टेजला 50 व्होल्टवर चालणारा एलडीएमओएस (मोठ्या रेडिओ पॉवरसाठीचा) ट्रान्झिस्टर, ज्याच्या डेटाशीटवर 65:1 एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर परत फिरण्याचं माप) सहन करण्याची हमी असते त्या जातीचा. अँटेना तुटली, केबल शॉर्ट झाली तरी तो बहुतेक वेळा वाचतो. गंमत अशी की जुन्या डिझाइनमध्ये आधी ट्रान्झिस्टर उडायचा आणि पुढचं सगळं वाचायचं. आता ट्रान्झिस्टर तगतो, आणि मार खायची पाळी त्याच्या पुढच्या भागावर येते.

अडचण

प्रोटोटाइपमध्ये कोअ‍ॅक्सिअल रिले होता. म्हणजे विजेवर हलणाऱ्या धातूच्या कॉन्टॅक्टचा स्विच. डेटाशीटच्या पहिल्या पानावर 1 किलोवॉट. आपल्याला हवे 500, म्हणजे दुप्पट मार्जिन, असा साधा हिशोब करून तो घेतला होता. डमी लोडवर (अँटेनाच्या जागी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) आठवडाभर नीट चालला आणि मग एका सकाळी रिसीव्हर बहिरा झाला. रिले ट्रान्समिटच्या बाजूला चिकटला होता. तसा चिकटलेला असताना रिसीव्हचाही कॉन्टॅक्ट टेकला असता तर 500 वॉट थेट रिसीव्हरच्या तोंडात गेले असते, त्यामुळे त्या सकाळी सगळे नाराज असले तरी खरं तर नशीबवानच होते.

रिले उघडून मायक्रोस्कोपखाली धरला. ट्रान्समिटच्या कॉन्टॅक्टवर मधोमध खळगा, त्याच्या कडेला वितळून पुन्हा गोठलेल्या धातूचे बारीक थेंब, आणि भोवती काजळीची गोल कडी. रिसीव्हच्या बाजूचा कॉन्टॅक्ट कोरा करकरीत. नुसत्या जास्त करंटने कॉन्टॅक्ट तापला असता तर सगळा पृष्ठभाग रंग बदलतो. इथे डाग एका जागी होता, म्हणजे तिथे ठिणगी पडत होती. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

मालकांचं म्हणणं सरळ होतं. "सर, 2 किलोवॉटचा मागवू. पैसे गेले तर गेले, तारीख पाळायची आहे." वर्कशॉपमधल्या सर्वांत जुन्या टेक्निशियनना सगळे काका म्हणत. त्यांनी तेवढ्यात खालच्या आवाजात विचारलं, "पण दादा, रिले बसायच्या आधीच पॉवर येत असेल तर मोठा रिले काय करणार?"

काकांचा प्रश्न ऑसिलोस्कोपवर टाकून पाहिला. एका चॅनेलला पीटीटी (बोलायला दाबायचं बटण), दुसऱ्याला रिलेच्या कॉन्टॅक्टवरचा छोटा डीसी, तिसऱ्याला आरएफ (बाहेर जाणारा रेडिओ सिग्नल). पीटीटी दाबल्यावर साधारण 4 मिलिसेकंदांत आरएफ उभा राहत होता. रिलेचा कॉन्टॅक्ट त्यानंतर टेकत होता, टेकून दोन-तीनदा उसळत होता, आणि शांत व्हायला एकूण 14 मिलिसेकंद घेत होता. फर्मवेअर लिहिणाऱ्या मुलाने रिले आणि एक्सायटर (अँप्लिफायरला सिग्नल देणारा भाग) दोघांना एकाच ओळीत हुकूम दिला होता. त्याला कुणी वेगळं सांगितलंच नव्हतं.

म्हणजे डेटाशीटवरचा 1 किलोवॉट खोटा नव्हता. तो आकडा कोल्ड स्विचिंगचा होता: आधी कॉन्टॅक्ट जुळतात, मग पॉवर येते, आणि लोड 50 ओहमचा. इथे दर वेळी चालू पॉवरवर कॉन्टॅक्ट उघडझाप करत होते. शिवाय मोठ्या रिलेचा आर्मेचर जड, गॅप मोठी, त्यामुळे तो बहुधा आणखी सावकाश बसला असता. 2 किलोवॉटच्या रिलेने दुखणं वाढवलंच असतं.

पहिला निर्णय: स्विच आधी की क्रम आधी

इथे प्रकरणाने वळण घेतलं. मी आग्रह धरला की कुठलाही नवा भाग मागवण्याआधी क्रम कागदावर मांडायचा. रिसीव्हर म्यूट, मग स्विच हलवा, स्विच खरोखर बसल्याची खूण घ्या, मग अँप्लिफायरला बायस (त्याला चालू ठेवणारा डीसी) द्या, मग ड्राइव्ह (त्यात जाणारा सिग्नल) हळूहळू वर न्या. परतताना हेच उलट, आणि ड्राइव्ह शून्यावर आल्यावर थोडं थांबून मगच स्विच.

हा क्रम मांडल्याबरोबर दुसरा प्रश्न समोर आला. या सगळ्याला वेळ किती आहे? ग्राहकाच्या कागदात "ट्रान्समिट-रिसीव्ह बदल 20 मिलिसेकंदांच्या आत" एवढंच होतं. रिलेचे 14, त्यात दोन्ही बाजूंचं थांबणं, म्हणजे जेमतेम बसेल. पण ग्राहकाला फोन करून डेटा कसा चालतो ते विचारलं तेव्हा कळलं की लिंक एआरक्यू पद्धतीची आहे. एक तुकडा पाठवायचा, पोच ऐकायची, पुढचा तुकडा. साधारण सव्वा सेकंदाला एक फेरी.

आता फळ्यावरच हिशोब झाला. दिवसाला 8 तास, दर 1.25 सेकंदाला एक फेरी, म्हणजे 23,040 उघडझापी. चांगल्या कोअ‍ॅक्सिअल रिलेचं यांत्रिक आयुष्य 10 लाख उघडझापी धरतात. म्हणजे 43 दिवस. क्रम कितीही सुधारला, कॉन्टॅक्टवर एकही ठिणगी पडली नाही, तरी दीड महिन्यात रिले बदलायला माणूस डोंगरावर पाठवायचा. फळ्यासमोर थोडा वेळ कुणी बोललं नाही.

समोर असलेले पर्याय

व्हॅक्यूम रिलेचं नाव पहिलं निघालं. व्होल्टेजच्या बाबतीत तो राजा आहे, आकारही लहान. पण आयुष्य त्याच घरातलं, 43 ऐवजी फार तर ऐंशी-नव्वद दिवस. परदेशातून मागवायचा, त्यात महिने जाणार. बाद.

दोन अँटेना ठेवायच्या, रिसीव्हरची वेगळी, हा पर्याय मला व्यक्तिशः आवडतो. स्विचच नाही तर दुखणंही नाही. पण ठाण्यांवरचे मास्ट आधीच उभे होते आणि शेजारच्या अँटेनातून रिसीव्हरमध्ये किती पॉवर येईल हे प्रत्येक जागी वेगळं. ग्राहकाने नकार दिला.

तयार सॉलिड-स्टेट मॉड्यूल पाहिली. गॅलियम नायट्राइडचे स्विच काही शे मेगाहर्ट्झच्या वर फार सुंदर चालतात. आम्हाला खाली 2 मेगाहर्ट्झ हवे होते, आणि ज्यांची पॉवर पुरेशी होती त्यांची खालची मर्यादा बहुतेक ठिकाणी आमच्या बँडच्या वरच सुरू होत होती.

राहिला पिन डायोड, म्हणजे डीसी देऊन आरएफची वाट उघडझाप करता येणारा डायोड. त्याला झिजणारा भाग नाही, आवाज नाही, बदल काही मायक्रोसेकंदांत. मात्र त्याची अडचणही 2 मेगाहर्ट्झलाच. कंपनीतल्या एका इंजिनिअरने हौशी रेडिओवाल्यांचं पाहून 1एन4007 डायोड लावून एक बोर्ड आधीच बनवला होता. त्या डायोडची रचना पिनसारखीच असल्याने थोड्या पॉवरला तो खरंच चालतो. 20 वॉटला चाललाही. 200 वॉटला स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरवर हार्मोनिक्सचा, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या नको त्या सिग्नलचा, डोंगर उभा राहिला. बोर्ड वाया गेला असं म्हणणार नाही, कारण पुढचं सगळं गणित समजवायला तोच उपयोगी पडला.

पिन डायोडचं गणित

चालू स्थितीतला पिन डायोड म्हणजे विद्युतभार साठवलेली टाकी. साठा किती, तर फॉरवर्ड करंट गुणिले कॅरिअर लाइफटाइम (आतला भार सरासरी टिकतो तो वेळ). आरएफच्या प्रत्येक अर्ध्या फेरीत त्यातला थोडा भार ओढला जातो. ओढ साठ्यापेक्षा जास्त झाली की डायोड साध्या रेक्टिफायरसारखा वागतो आणि हार्मोनिक्स निघतात.

500 वॉट, 50 ओहम म्हणजे पीक करंट 4.47 अँपिअर. 2 मेगाहर्ट्झला अर्ध्या फेरीत वाहणारा भार होतो सुमारे 0.71 मायक्रोकूलंब. लाइफटाइम 5 मायक्रोसेकंद असलेल्या डायोडला 100 मिलिअँपिअर बायस दिला तर साठा 0.5. अपुरा. 500 मिलिअँपिअर दिला तर 2.5. अँटेना पूर्ण बिघडून करंट दुप्पट झाला, म्हणजे ओढ 1.42 वर गेली, तरी साठा पुरतो. 30 मेगाहर्ट्झला हीच ओढ पंधरा पटीने कमी, म्हणून वरच्या बँडवर 100 मिलिअँपिअरवरही सगळं गुळगुळीत दिसतं. बऱ्याच जणांची फसगत इथेच होते, कारण 14 मेगाहर्ट्झला चाचणी करून लोक बोर्ड पास करतात.

बंद स्थितीतल्या डायोडला उलटा ताण हवा. 500 वॉटला पीक व्होल्टेज 224, आणि पूर्ण परावर्तन झालं (सगळी पॉवर अँटेनाकडून परत फिरली) तर त्याच्या दुप्पट, 447. वरच्या फ्रिक्वेन्सीला याच्या अगदी थोड्या भागाएवढा रिव्हर्स बायस चालून जातो, कारण आतला थर भरायला डायोडला वेळच मिळत नाही. 2 मेगाहर्ट्झला ती सवलत नाही. डायोडच्या थराची जाडी धरून हा आकडा कमी करता येतो, पण पहिल्याच उत्पादनात ती काटकसर नको असं मी सुचवलं. रिव्हर्स बायस 450 व्होल्ट ठरला. पॉवर सप्लायवाल्या कंपनीला 450 व्होल्टची भीती नव्हती, आणि यात हा त्यांचा सर्वांत मोठा फायदा ठरला.

आयसोलेशनचं, म्हणजे ट्रान्समिटची पॉवर रिसीव्हरपासून किती अडते याचं, गणित मात्र सगळ्यांना चकवून गेलं. 500 वॉट म्हणजे 57 डीबीएम (1 मिलिवॉटच्या तुलनेतले डेसिबल), रिसीव्हर सहन करणार 20. म्हणजे 37 डेसिबल हवेतच, आणि व्होल्टेज दुप्पट होण्याची शक्यता धरली तर 43. बंद डायोडची कपॅसिटन्स 2 पिकोफॅरड धरली तर 30 मेगाहर्ट्झला एका डायोडने 35 डेसिबलही मिळत नाहीत. म्हणून रिसीव्हरच्या बाजूला दुसरा डायोड जमिनीकडे टाकला, जो ट्रान्समिटच्या वेळी चालू होऊन उरलेलं गिळतो. मोजल्यावर जोडी 60 च्या आसपास आली.

काय केलं

दोन कामांना दोन स्विच, हा दुसरा महत्त्वाचा निर्णय. ट्रान्समीटरमध्ये हार्मोनिक्स कापायला फिल्टरची बँक असते, बँड बदलला की फिल्टर बदलतो. हा बदल दिवसातून मोजक्या वेळा, आणि पॉवर बंद असताना. तिथे साधे, चांगल्या कॉन्टॅक्टचे पॉवर रिले ठेवले. पिन डायोडचा खर्च फक्त ट्रान्समिट-रिसीव्हच्या जागी केला. "सगळीकडे पिनच लावू, एकसारखं होईल," असा एक सूर होता. एकसारखेपणाचा मोह मला समजतो, पण सहा फिल्टरांच्या दोन्ही टोकांना 450 व्होल्टचे ड्रायव्हर लावायचे म्हणजे बिघडायला तेवढ्याच नव्या जागा.

स्विच कुठे बसवायचा यावर बराच वाद झाला. आधीचा रिले फिल्टरनंतर, अँटेनाच्या लगत होता. आम्ही पिन स्विच फिल्टरच्या आधी घेतला. डायोड थोडीफार हार्मोनिक्स काढणारच, ती पुढच्या फिल्टरमध्ये कापली जातात. रिसीव्हरलाही तोच फिल्टर फुकटात मिळतो.

मग आली गोंगाटाची गोष्ट. 450 व्होल्ट बनवणारा कन्व्हर्टर स्वतःच रिसीव्हरमध्ये किरकिर करू लागला. त्याच्या हार्मोनिक्सच्या रेघा खालच्या बँडवर थेट ऐकू येत. शील्डिंग, फेराइट, सगळं करून झालं. शेवटी प्रश्नच उलटा विचारला: 450 व्होल्ट लागतात कधी? फक्त ट्रान्समिटच्या वेळी. रिसीव्ह करताना तिथे पॉवरच नाही. म्हणून रिसीव्हमध्ये कन्व्हर्टर बंद, व्होल्टेज कपॅसिटर धरून ठेवतो. सव्वा सेकंदाच्या फेरीत ते जवळजवळ उतरत नाही. बराच वेळ नुसतं ऐकत बसल्यावरचं पहिलं ट्रान्समिट मात्र काही मिलिसेकंद उशिरा सुटतं, कारण व्होल्टेज पुरेसं चढल्याशिवाय कंपॅरेटर ड्राइव्हला परवानगी देत नाही.

हा कंपॅरेटर हार्डवेअरमध्ये ठेवला, फर्मवेअरमध्ये नाही. पिन डायोडला हॉट स्विचिंग (चालू पॉवरवर उघडझाप) रिलेइतकंच वाईट. उघड आणि बंद यांच्या मधल्या प्रवासात त्याचा रेझिस्टन्स 100 ओहमवरून जातो, आणि 50 ओहमच्या लाइनमध्ये त्या क्षणी अर्धी पॉवर डायोडच खातो. 500 पैकी 250 वॉट, शेंगदाण्याएवढ्या भागात. हे टाळायचं काम सॉफ्टवेअरच्या एका ओळीवर सोडणं मला मान्य नव्हतं.

वीज पडण्याचा विचारही वेगळा करावा लागला. रिले बंद सेटमध्ये अँटेना जमिनीला धरून ठेवू शकतो, डायोड ते करत नाही. पुण्याच्या आसपासच्या डोंगरांवर वळवाच्या पावसात काय कडाडतं ते सर्वांना माहीत आहे. म्हणून सेट बंद असताना अँटेना अर्थ करणारा एक साधा रिले ठेवला, आणि त्याच्या जोडीला गॅस डिस्चार्ज ट्यूब, जी ठराविक व्होल्टेजच्या वर गेल्यावर वीज जमिनीत सोडते. स्टोअरमध्ये पॉवर सप्लायसाठीच्या 230 व्होल्टच्या ट्यूब खोक्यांनी पडल्या होत्या आणि त्याच लावायच्या ठरत होत्या. 224 व्होल्ट पीक असलेल्या लाइनवर! तिथे 447 च्या बऱ्यापैकी वरची ट्यूब मागवली.

चाचण्या डमी लोडवरच घेतल्या, हवेत सोडायला डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारची वायरलेस परवाने देणारी शाखा) परवानगी लागते. गोंगाटाच्या चाचण्या गुरुवारी, आजूबाजूची बरीच युनिट्स आणि त्यांची वेल्डिंग मशिन्स बंद असताना. बिघडलेल्या अँटेनाचं सोंग आणायला केबलच्या टोकाला एकदा शॉर्ट, एकदा ओपन. केबलची लांबी बदलत सगळ्या फेज तपासणं 30 मेगाहर्ट्झला सोपं, पाव तरंगलांबी आरजी-213 केबलमध्ये 1.65 मीटर. 2 मेगाहर्ट्झला तीच जवळजवळ 25 मीटर होते, म्हणून तिथे शॉर्ट आणि ओपन या दोन टोकांवर भागवलं. थंड हवेसाठीचा ब्लोअर तपकीर गल्लीतून आणला होता, तो घोंगावत असताना काका थर्मल कॅमेरा धरून बसायचे.

निकाल

ट्रान्समिटच्या वाटेतला लॉस 0.1 डेसिबलच्या आसपास आला, म्हणजे 500 वॉटला 11-12 वॉटची उष्णता. त्यातली डायोडची वाटणी मॅच असताना दीड-दोन वॉट, शॉर्टच्या सर्वांत वाईट फेजला चौपट. हीटसिंकला ते सहज झेपलं. बदलाचा वेळ क्रमासकट 3 मिलिसेकंदांच्या आत बसला आणि त्यातला जवळजवळ सगळा ड्राइव्ह चढवण्या-उतरवण्याचा होता, स्विचचा नव्हे. ग्राहकाने सेट स्वीकारले.

किंमत वाढली. रिलेच्या तुलनेत डायोड, ड्रायव्हर आणि 450 व्होल्ट मिळून बोर्ड बराच महाग पडला. मालकांनी तो फरक ग्राहकाला 43 दिवसांचं गणित दाखवून मान्य करून घेतला. मला वाटतं त्या एका आकड्याने जेवढं काम केलं तेवढं आमच्या सगळ्या ग्राफांनी मिळून केलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

एआरक्यूची फेरी किती सेकंदांची, हा प्रश्न ऑर्डर घेतानाच विचारला जायला हवा होता. तो विचारला असता तर रिलेचा प्रोटोटाइप बनलाच नसता. चाचणीची सुरुवात 2 मेगाहर्ट्झ, पूर्ण पॉवर, शॉर्ट केबल इथून करावी. सोप्या बँडवरून वर-खाली जाण्यात वेळ जातो आणि खोटा धीर येतो. सप्लायरला पॉवरचा आकडा विचारताना फ्रिक्वेन्सी, एसडब्ल्यूआर आणि हॉट की कोल्ड हे तिन्ही एकाच मेलमध्ये लिहून विचारावं. ज्याने तिन्हींचं उत्तर दिलं त्याच्याशी पुढे बोलावं.

रिव्हर्स बायसबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. डायोडच्या थराची जाडी धरून मोजलं असतं तर वरच्या बँडवर कमी व्होल्टेजवर भागलं असतं, ड्रायव्हर स्वस्त झाला असता. पण बँडप्रमाणे बायस बदलायचा म्हणजे चुकीच्या बँडला चुकीचा बायस जाण्याची एक नवी वाट उघडते.

ग्राहकाने आता 1 किलोवॉटची चौकशी केली आहे. पीक व्होल्टेज 316, परावर्तनात 632, म्हणजे सध्याचा 450 व्होल्टचा सप्लाय आणि गॅस ट्यूब दोन्ही बदलणार. करंट 1.41 पट, 2 मेगाहर्ट्झची ओढ मॅच असताना 1 आणि बिघाडात 2 मायक्रोकूलंबवर जाते, आणि सध्याचा 2.5 चा साठा पुरतो खरा, पण मार्जिन उरत नाही. मालकांनी विचारलं, "सध्याच्याच बोर्डवर दोन डायोड समांतर टाकून नाही का होणार?" समांतर डायोड बायस सारखा वाटून घेत नाहीत आणि बंद स्थितीतली कपॅसिटन्स दुप्पट होते. नव्या बोर्डचं कोटेशन पाठवलं आहे.